दारातली चटई

आधी शालनबाईंचं नाव लिहितो. सणसरला आमच्या घरामागं जी अंगणवाडी आहे, तिथल्या या बाई. त्या मधे पडल्या नसत्या तर माझी लेक ईश्वरी आज शाळेतून काढलेली असती. काढणारा मीच असतो, इथं मस्कतला पाण्याच्या टँकरच्या केबिनमध्ये बसून, एका चटईपायी. गावाकडच्यांनी हे वाचावंच, पण माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांनी जास्त वाचावं. लांबून बघणाऱ्याला सगळं दिसतंय असं वाटतं. ऐकू मात्र काहीच येत नसतं.

मी निघालो त्या दिवशी भिगवणला गाडी धरायची होती. स्टेशनला जायच्या आधी मेव्हण्यानं हायवेवर थांबवून तळलेली चिलापी खायला घातली. म्हणाला, "खावा दाजी पोटभर, तिकडं वाळूत मासा कुठनं यायचा." मस्कत समुद्राला लागून आहे हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. मी काटे काढून ईश्वरीला भरवत होतो. ती तेव्हा अडीच वर्षांची. माझी बायको रेश्मा वासानं तोंड फिरवून बसली होती, कारण धाकटा शंभू पोटात होता.

गाडीत जागा मिळाली ती पलीकडच्या खिडकीची. मधे माणसं, पिशव्या. मला फलाट दिसेना आणि फलाटावरच्यांना मी दिसेना. मग उठून डब्याच्या दारात येऊन बसलो. आमचे तात्या, म्हणजे वडील, खालून ओरडले, "दत्ता, दारात बसू नगं रं. आत हो." तात्यांचं हे जन्माचं बोलणं. घरातही कुणी उंबऱ्यावर टेकलं की म्हणायचे, "एकतर आत या, न्हायतर भाईर जावा. मधी बसून वाट आडवू नका." त्या दिवशी मी ऐकलं नाही. स्टेशन दिसेनासं होईपर्यंत दारातच बसून हात हलवत राहिलो. मेव्हण्यानं ते मोबाईलवर घेतलं. ती क्लिप रेश्माच्या फोनमध्ये आहे आणि ती लावल्याशिवाय ईश्वरी घास गिळत नाही.

दार तसं लहानपणापासून माझ्या मागं लागलेलं आहे. माझं शिक्षण सहावी, तीही पुरती नाही. वर्गात मला दाराजवळ बसवायचे. दाराजवळची पोरं म्हणजे ज्यांना वाचता येत नाही ती. कुत्रं आत आलं की हाकलायचं, पाण्याची कळशी भरायची, गुरुजींना चहा आणायचा. चहा न सांडता आणला की गुरुजी म्हणायचे, "गुणी पोरगं हाय." मी फुगायचो. गुणी म्हणजे ज्याला शिकवायची गरज नाही तो, हे फार पुढं कळलं. एक दिवस चहाला म्हणून बाहेर पडलो, रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, तिच्यावर चढलो आणि वर्गात परत गेलोच नाही. बोलवायलाही कुणी आलं नाही. ट्रॅक्टरवरून ट्रकवर, ट्रकवरून टँकरवर, असा इथवर आलो. खिशात बताका आहे, म्हणजे इथलं ओळखपत्र. डोक्यावर कॅम्पचं छप्पर आहे, एसी आहे. तक्रार करायला जागा नाही. पण कुठंही गेलो तरी आधी बघतो ते हेच, की इथं दाराजवळ कुणाला बसवलंय.

ईश्वरीच्या शाळेचं निघालं तेव्हा रेश्माचं म्हणणं शालनबाईंची अंगणवाडी बरी. "घरामागं हाय. रडली तर मला ऐकू तरी येतंय." मी ऐकलं नाही. गावातली शाळा म्हटलं की मला कळशीच दिसायची. मग रेश्मा आणि मेव्हणा मोटारसायकलवरून बारामतीच्या नर्सऱ्या बघत फिरले. मी कॉलवर.

पहिल्या ठिकाणी मॅडमनी नमस्काराच्या आधी पालकांचं शिक्षण विचारलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी फॉरेनला असत्यात." मॅडमनी लगेच खुर्च्या मागवल्या. तिथंच माझं मन उडालं. फॉरेन ऐकून खुर्ची देणारे सहावी ऐकून ती काढून घेणार. दुसऱ्या ठिकाणी पोरं इतकी गप्प बसलेली की मला वाटलं मेव्हण्यानं फोटो पाठवलाय. एकानं नाक ओढलं तेव्हा कॉल चालू असल्याचं कळलं. तिसऱ्या ठिकाणी भिंतीवर हत्ती-जिराफ, आणि मॅडम बोलायला गोड. गोड बोलणाऱ्याची मला धास्ती वाटते. मला इथं आणणारा एजंटही गोडच बोलायचा.

मी विचारलं, "मॅडम, पोरांना बसवता कुठं?"

"सर्कलमध्ये. राउंड बसतात, सगळी सारखी."

गोलाला दार नसलं तरी खोलीला असतंय की, असं मी मनात म्हणालो. तेवढ्यात त्यांनी सांगितलं, वर्गात कॅमेरा आहे, पालकांना ॲपवर सगळं लाइव्ह दिसतं. तिथं मी हो म्हणालो. माणसांवर विसंबलो नाही, कॅमेऱ्यावर विसंबून पोरगी घातली.

रेश्मा हे शालनबाईंना सांगायला गेली. बारामतीच्या शाळांची पिवळी व्हॅन गावात यायला लागल्यापासून बाईंच्या पटावरची पोरं कमी होत चाललीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाई म्हणाल्या, "घाला की. तितं टाय बांधत्यात. आमी आपलं नाक पुसतो." रेश्मानं मला हे हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

इथं टँकर भरायला रांग लागते. तिकडं ईश्वरीची शाळा भरते तेव्हा मी नेमका रांगेत असतो. फोन स्टेअरिंगला टेकवायचा आणि वर्ग बघायचा. कॅमेरा फळ्याच्या वर, तोंड दाराकडं. गोलातली पोरं स्क्रीनवर अगदी खाली येतात, त्यांच्या नुसत्या टाळू दिसतात. दार मात्र स्वच्छ दिसतं. आणि त्या दारात रोज माझी पोरगी. सगळी गोलात, ही एकटी दारात.

पहिल्यांदा वाटलं, नवीन आहे. मग एक दिवस दारात चटई अंथरलेली दिसली, निळ्या काठाची, एका माणसापुरती. म्हणजे जागा ठरली. गुरुजींनी मला निदान चटई दिली नव्हती. ईश्वरी त्या चटईवर मांडी घालून सरळ समोर बघत बसायची. पोरं नाचली तर ही उठून नाचायची आणि पुन्हा चटईवर. बाहेरून कुणी आलं की पाय आवरून वाट द्यायची. अगदी मी द्यायचो तशी.

शाळेत फोन केला. मॅडम म्हणाल्या, "डोन्ट वरी, ईश्वरी फार गुणी मुलगी आहे."

तो शब्द ऐकला आणि मी फोन ठेवला.

रेश्माला सांगितलं, उद्यापासून पाठवू नको. ती म्हणाली, "अवो, ती हसत जाती, हसत येती. इचारलं तर सांगती, दारात बसती म्हणून. त्यात काय झालं?"

"कोण बसवतंय ते इचार की."

"इचारलं. बोलत न्हाय. तुमची क्लिप लाव म्हणती." मग तिचा आवाज चढला. "तुमी तितनं बघताय आन् हितं माझ्या जिवाला घोर. काढायची तर स्वता या आन् काढा."

खोलीतला केरळचा शाजी म्हणाला, "भाई, खल्लीवल्ली." इथं सगळ्या देशांची माणसं हा शब्द बोलतात. सोडून दे, जाऊ दे. शाजीला मूलबाळ नाही.

शेवटी मी शालनबाईंना फोन लावला. मनात काय होतं तेही लिहितो. बाईंना आमची पोरगी पटावर हवीच होती, तेव्हा त्या खोट काढणार. म्हणजे मला हवा तोच निकाल मिळणार. म्हणालो, बाई, कुणाला न सांगता एकदा बघून या.

"मला हेर करतोस व्हय रं?" बाई म्हणाल्या. "माझ्या मीटिंगा इंदापूरला, ही शाळा बारामतीला. उलट्या दिशेला धाडतोस." मग म्हणाल्या, "गुलाबी साडी नेसून जाती. नातवाचं ॲडमिशन बघाया आले म्हणून सांगती."

त्या गेल्या तो दिवस मी टँकरमधून बघितला. कॅमेऱ्याला आवाज नाही. पाइप टाकीत सोडला, व्हॉल्व्ह उघडला आणि फोन धरून बसलो. दारात गुलाबी साडी आली. पुढच्याच क्षणाला ईश्वरी ताडकन उठली, तोंड भरून काहीतरी ओरडली आणि बाईंच्या पायांना मिठी मारली. टीचर वळली. बाईंनी कपाळावर हात मारला. टीचर हसायला लागली. मग कुणीतरी एक चिमुकली लाल खुर्ची आणली. बाई तिच्यात मावेनात, सगळी पोरं बघायला लागली. शेवटी बाई खाली चटईवर ईश्वरीशेजारी बसल्या. ईश्वरी त्यांना हात करकरून काहीतरी सांगत होती. बाईंनी मान वर केली आणि थेट कॅमेऱ्यात बघितलं. म्हणजे माझ्याकडं. कितीतरी वेळ बघत राहिल्या, पदर तोंडाला लावून.

तोवर माझा टँकर भरून वरून वाहत होता. या मुलखात पाणी सांडलेलं बघायला रांगेतले सगळे ड्रायव्हर खाली उतरले. फोरमननं माझं अख्खं खानदान काढलं. माझं लक्ष नव्हतं.

दुपारी बाईंचा फोन आला.

"तुझ्या लेकीनंच मला धरलं बघ. 'अंगनवाडीच्या बाई' म्हणून वरडली. झालं, गेली हेरगिरी."

"तिला दारात कोण बसवतंय बाई?"

"आरं, कोन बसवतंय? ती टीचर रोज गोलात नेती. ही जाती, गानं म्हनती, परत दारात. फरशी गार लागती म्हणून टीचरनंच आपल्या घरनं चटई आनली. मी पोरीला इचारलं, का गं हितंच? तर म्हनली, पप्पा गाडीत आत बसल्यालं, तवा दिसत न्हवतं. दारात बसलं, मग दिसलं." बाई पुढं म्हणाल्या, "आईनं कॅमेरा दावलाय, ह्यातनं पप्पा बघत्यात म्हणून. दारात बसल्याबिगर ती तुला दिसायची कशी, आसं हाय तिचं."



"शाळा बरी हाय, दत्ता. पोरगी राहू दे तितंच," बाई म्हणाल्या. "खिचडी मातर माझीच बरी."

बाईंचा एक वाकडा शब्द पुरला असता. मी विचारणार नव्हतो, पडताळणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी ईश्वरी त्यांच्या पटावर असती, आणि जिथं तिला कुणीतरी घरून चटई आणून दिली त्या शाळेला मी जन्मभर शिव्या देत राहिलो असतो. पुढं मेव्हण्याकडून कळलं की बाईंनी त्या दिवशी रजा टाकली होती, आणि एसटीचं तिकीटही कुणाला काढू दिलं नव्हतं.

संध्याकाळी ईश्वरीला म्हणालो, "बाळा, आत बसलीस तरी मला दिसतीस."

"दारात न्हाय बसले तरी?"

"तरीबी."

हे खरं नव्हतं. पण ती हळूहळू गोलात गेली. टीचरनं चटई उचलली. आता ॲप उघडलं की समोर रिकामं दार दिसतं आणि खाली टाळूंच्या गर्दीत कधी एखादा लाल रबर बँड हलतो. तो तिचाच असं मी धरून चालतो. संशय पुरता गेलाय असं नाही. व्हॅन उशिरा आली की अजून रेश्माला तीनतीनदा फोन लावतो, आणि मॅडम गोड बोलल्या की मी अजून कान टवकारतो. घर म्हटलं की पूर्वी मला तात्यांचा उंबरा आठवायचा. आता ते रिकामं दार दिसतं. आत या न्हायतर बाहेर जावा, असं तात्या सांगत आले. आम्ही बाहेर पडलेले मात्र गाडीच्या दारातून उठलेलोच नाही.

शालनबाई, शंभूला मी अजून हातात घेतलेलं नाही. तो भिंत धरून उभा राहतो हे मला फोनवर कळतं. त्याचं नाव तुमच्याच पटावर लागणार, रेश्माशी बोलून ठेवलंय. तुमच्याकडं कॅमेरा नाही. तेव्हा त्याला बघायचं तर मला स्वतः यावं लागेल, त्याचं बोट धरून. हा करार संपला की येतो. दारात बसणार नाही, चप्पल काढून आत येतो.