तिसरी टोचणी

पुरुषांच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरला सगळे पाठीमागे ‘एकटोची’ म्हणत. एका टोचणीत शीर सापडलीच पाहिजे, अशी तिची ख्याती. तोंडावर हे नाव घ्यायची कोणाची छाती नव्हती. पण तिला ते माहीत होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडायचंही. दुसऱ्या वॉर्डात कोणाची शीर सापडेना की हिला फोन यायचा, आणि बाई लढाईला निघालेल्या सरदारासारखी निघायची. घरी सुईत दोरा ओवायला तिला नवरा लागतो, ही बातमी अजून तिथवर पोचली नव्हती.

वॉर्डाचा एक नियम होता. दोन टोचण्यांत शीर मिळाली नाही, तर हात मागे घ्यायचा आणि दुसरीला बोलवायचं. नव्या मुलींना हा नियम तीच घोकून घोकून शिकवायची. एखादी कुरकुरली, “पण पेशंटची शीर पळते हो,” की हिचं उत्तर तयार: “शीर कुठे जाणार पळून? तिला काय गाडी पकडायचीय? पळतं ते आपलं लक्ष!”

त्या सकाळी एका आजोबांना आणलं. तापाने अंग भाजत होतं, पोटात घोटभर पाणी टिकत नव्हतं, जीभ लाकडासारखी सुकलेली. बीपी खाली चाललं होतं. सलाईन आणि अँटिबायोटिक तातडीने हवं होतं. डॉक्टरीणबाई फोनवर ओरडल्या, “इथे एकाचं हृदय थांबलंय, मला सोडून येता येत नाही. तोवर लाइन लावा!” उशाशी सून पदराचं टोक चावत उभी होती.

पहिली टोचणी. रक्त दिसलं आणि लगेच कातडीखाली निळं टेंगूळ आलं. शीर फुटली.

“होतं असं कधी कधी,” ती सुनेला म्हणाली. असं तिच्या बाबतीत कधी होत नसे.

दुसरा हात. दंडाला रबरी पट्टा करकचून बांधला. दुसरी टोचणी. काहीच नाही. सुई आतल्या आत जराशी फिरवली. आजोबा कण्हले.

“आजोबा, हलू नका ना! तुमची शीर पळते हो!”

वाक्य तोंडातून गेलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. आजोबांचा हात पिळून टाकलेल्या फडक्यासारखा पडला होता. हलायला त्यात त्राण होतं कुठे?

उशाजवळचं बीपीचं मशीन किणकिणलं. आकडा आणखी खाली.

“सिस्टर, ओठ बघा हो यांचे,” सून म्हणाली.

एकटोचीच्या हातांनी तिसऱ्या सुईचं पाकीट फाडायला घेतलं होतं. तिला न विचारताच. तिने त्या हातांकडे परक्याचे असावेत तसं पाहिलं. दात आवळलेले, कान तापलेले. आणि डोक्यात कोण होतं? आजोबा नव्हतेच. डोक्यात होती दुपारच्या चहाची खोली आणि तिथे पिकणारा हशा: एकटोचीची टोचणी चुकली!

तिने पट्टा सोडला. पाकीट ट्रेमध्ये टाकलं.

“अगं ए, इकडे ये!” तिने वॉर्डाच्या टोकाला हाक मारली. “माझ्या दोन झाल्या. मला मिळत नाहीये.”

फरशी पुसणाऱ्या मावशींचा हात जागच्या जागी थांबला.

हाक होती अंगाईबाईला. लहान मुलांच्या वॉर्डातून ती नुकतीच बदलून आली होती. टोचण्याआधी गुणगुणायची तिची सवय, म्हणून हे नाव एकटोचीनेच ठेवलेलं.

“ताई, थट्टा करताय?”

“थट्टा दिसतेय का माझ्या तोंडावर?”

अंगाईबाईने आजोबांचा हात खाली लोंबता सोडला, गरम पाण्यातला टॉवेल त्यावर गुंडाळला आणि चक्क गुणगुणायला लागली. एकटोची मनातल्या मनात ओरडली, उरक ना गं बाई!

“ताई, श्वास सोडा. तुम्ही कोंडलाय आणि धडधड मला होतेय.”

एकटोचीने श्वास सोडला. अंगाईबाईने पट्टा अगदी सैल बांधला आणि अंगठ्याच्या मुळाशी बारीक सुई घातली. रक्ताचा ठिपका दिसला. सलाईन टपटपायला लागलं.

एकटोचीला हायसं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ मत्सरही आला, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. तिने त्याला ओळखलं. घरात कोणी नाही, असं सांगून परत पाठवलं नाही.

दुपारी आजोबांनी डोळे उघडले. बीपी वर आलं होतं. एकटोची पलंगाशी गेली.

“आजोबा, सकाळी तुमची शीर पळाली नव्हती. पट्टा मी घट्ट बांधला, घाई मी केली आणि बोल तुम्हाला लावला. चुकलं माझं.”

आजोबांनी मान तिच्याकडे वळवली.

“न्हावी होतो मी, पोरी. वस्तरा लागला की मीसुद्धा गिऱ्हाइकालाच दटावायचो, हलता कशाला म्हणून.”

“आणि मग?”

“मग काय, तुरटी फिरवायची आणि राजकारणाचा विषय काढायचा.”

सकाळपासून पहिल्यांदा ती हसली, तीही खळखळून.

“बाबा, जास्त बोलू नका,” सून म्हणाली.

“थांब गं जरा. या बाईंना पुन्हा एकदा ‘चुकलं माझं’ म्हणू दे. माझ्या एकाही गिऱ्हाइकाला हे कधी ऐकायला मिळालं नाही.”