दगडाला लागलेला ब्रश

गॅरेजात कपडे वाळत घालायला गेले की खुंटीवरचा ब्रश दिसतो आणि नातीचा शेवटचा सामना आठवतो. बर्फावर आखलेल्या गोलाकडे जड दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे ब्रश घासत न्यायचा, असा तिचा खेळ. मी म्हणायचे, "घरात झाडू धरत नाहीस आणि तिथे बर्फ झाडतेस." त्या दिवशी जिंकल्या असत्या तर नातीसह चौघी खेळाडू देशाच्या संघात गेल्या असत्या. मी काचेमागे शाल गुंडाळून बसले होते. त्यांचा शेवटचा दगड नेमका गोलाच्या मध्याकडे चालला होता, तेवढ्यात नातीने हात वर केला. तिचा ब्रश दगडाला लागला होता. कुणी पाहिलं नव्हतं, पण या खेळात चूक ज्याची त्यानेच सांगायची असते. दगड बाद झाला आणि त्या हरल्या. रीतीप्रमाणे जिंकलेल्यांनी सगळ्यांना कॉफी पाजली. तिच्या संघातल्या तिघी तिच्याकडे पाठ करून प्यायल्या. गाडीत मी म्हटलं, "गप्प बसायचं होतंस." ती म्हणाली, "आजी, प्लीज. नॉट टुडे." पुढे तिघींनी तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. नातीने पुन्हा खेळाचं नाव काढलं नाही. आता ती नोकरी करते, आणि गॅरेजात जागा असूनही गाडी बाहेर पावसात उभी करते.