न फोडलेलं पाकीट

न्यू जर्सीत नऊ वर्षं मी सहावी-सातवीच्या मुलांना गणित शिकवलं. मग नवऱ्याची नोकरी अ‍ॅशबर्नला आली आणि माझं शिकवण्याचं सर्टिफिकेट राज्याची हद्द ओलांडताच कच्चं ठरलं. ट्रान्सफर सोपं असतं, नुसता फॉर्म भरायचा, असं सगळे म्हणत होते. डोंबल सोपं! फॉर्म भरला, तर भारतातल्या डिग्रीची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिन्ही वर्षांच्या मार्कांची पानं, नव्यानं मागितली. तीही विद्यापीठानं शिक्का मारून बंद केलेल्या पाकिटात. नव्या शाळेच्या प्रिन्सिपल बाईंनी मला निवडलं होतं, पण शाळा उघडेपर्यंत इथलं शिकवायचं लायसन्स आलं नाही तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, हेही सांगून ठेवलं होतं. मला ती जागा हवी होती. घरात बसून मी वेडी झाले असते.

नागपूरला बाबा होते. वय अठ्ठ्याहत्तर, रिटायर्ड हेडमास्तर. भर मे महिन्यात त्यांनी विद्यापीठाच्या चकरा मारल्या. मी फोनवर दहादा बजावलं, पाकीट हातात पडलं की तसंच्या तसं कुरिअरला द्या.

पार्सल आलं. आत ट्रान्सक्रिप्टची तिन्ही पानं होती, चकचकीत लॅमिनेट केलेली. आमच्या घरात रेशनकार्डसुद्धा लॅमिनेट केलेलं आहे. सोबत फोडलेलं पाकीट, नीट घडी घालून. मी लगेच नागपूरला फोन लावला.

"बाबा, फोडलंत कशाला?"

"अगं, बघून नको का घ्यायला? तो क्लार्क दुसऱ्या वर्षाचं..."

"मला क्लार्कचं काही सांगू नका! फोडलेलं पाकीट इथे कोणी हातात धरत नाही. सगळं मातीत घातलंत तुम्ही."

आयुष्यभर शाळेतली एकेक मार्कशीट तपासून मगच वाटणारा माणूस. त्याच्यावर मी अशी खेकसले, पोरंसुद्धा खोलीतून बघायला आली.

"उद्या जातो परत," बाबा म्हणाले.

दुसरं पाकीट जुलैत आलं. वर हेडमास्तरी अक्षरात चिठ्ठी होती: 'आतील पाकीट मी उघडलेले नाही.' मी ते तसंच लायसन्सच्या ऑफिसला पाठवलं आणि वाट बघत बसले. रोज ईमेल बघायचं, रोज तेच. शेवटी उत्तर आलं. दुसऱ्या वर्षाचं पान नाही, अर्ज अपूर्ण.

मी ड्रॉवर उघडला. लॅमिनेट केलेलं दुसरं वर्ष तिथेच होतं, शिक्क्यासकट. पहिल्या पाकिटातही ते पान नसणार. बाबांनी फोडून पाहिलं, परत जाऊन भांडून घालून घेतलं, आणि मी त्यांना वाक्यही पुरं करू दिलं नाही. माझीच लाज वाटली मला.

तिसरं पाकीट मागवायला वेळच उरला नव्हता. शाळा उघडली. ती जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. आता त्याच शाळेत कोणी रजेवर गेलं की मला बोलावतात. सकाळी फोन आला की डबा भरायचा आणि निघायचं.

रविवारी बाबांचा फोन आला.

"झालं का गं काम? सगळी पानं होती ना?"

"होती, बाबा. झालं काम."

"बरं झालं बाई. मला आपली धाकधूक होती, एकदा उघडून बघायला हवं होतं म्हणून."