दिवाणखान्यातलं टपाल

माझे बाबा पोस्टमन. चोवीस वर्षं एकच भाग, एकच सायकल आणि हट्टही एकच: माझी फेरी दुसऱ्या कुणी मारायची नाही. थंडीत रस्त्यांवर बर्फ साचला की टपाल गाडीतून जायचं आणि बाबा ऑफिसात शिक्के मारत धुसफुसायचे. त्या वर्षी वरून नवा नियम आला. थंडी सरली की डॉक्टरांच्या सायकलयंत्रावर दहा मिनिटं न थांबता पायडल मारायचं. जमलं तर फेरी, नाही तर कायमची खुर्ची.

"खुर्चीवर बसलो की मी संपलोच," बाबा म्हणाले. बाबा असं बोलणाऱ्यातले नव्हेत. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना व्यायामाच्या सामानाच्या दुकानात नेलं.

दुकानदाराने आधी रोलर दाखवले. जमिनीवर तीन नळकांडी, त्यांवर सायकल नुसती ठेवायची आणि तोल सांभाळत चालवायची. बाबा चढले आणि थेट दुकानदाराच्या गळ्यात पडले. मग जिममधली जाडजूड सायकल. "हिला घंटी कुठाय?" नव्हती. नापास. शेवटी एक लोखंडी स्टँड निघाला. त्यात आपलीच सायकल अडकवायची, मागचं चाक जागच्या जागी फिरतं. "म्हणजे माझीच सायकल?" बाबांनी विचारलं आणि पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही.

स्टँड दिवाणखान्यात बसला. बाबा गणवेश चढवून सायकलवर बसले, वीसेक वेळा पायडल मारलं आणि थांबले.

"काय झालं?"

"एक नंबरचं घर."

मी कपाळाला हात लावला. पुन्हा थोडं पायडल, पुन्हा ब्रेक. वळण आलं की हात दाखवायचे, तोही सोफ्याला! चौदा नंबरला कुत्रा आहे म्हणून पाय वर. अर्ध्या तासात घामाचा थेंब नाही. मी घड्याळ लावलं, ओरडले, विनवण्या केल्या. अगदी नाकी नऊ आले. आईची मदत मागावी, तर ती मटार सोलत त्यांनाच सामील.

"सात नंबरच्या आजींना काही आलं का हो?"

"नातवाचं. पास झालाय."

"बाई गं, सुटल्या एकदाच्या!"

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्यांची फेरी ती पहिल्यांदाच बघत होती. तिला तरी काय बोलणार? तरी मी बोललेच. उपयोग शून्य.

चाचणीला आम्ही तिघंही गेलो. बाबा यंत्रावर चढले, डॉक्टरांनी घड्याळ सुरू केलं. वीसेक वेळा पायडल फिरलं आणि पाय मंदावले. "थांबू नका," डॉक्टर म्हणाले. पण पाय त्यांचं कुठले ऐकायला?

तेवढ्यात आई उठून यंत्राजवळ गेली. "अहो, चला पुढे. एक नंबरला आज काही नाही."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. पाय फिरू लागले.

"दोनला नाही. तीनलाही नाही."

"सातला?" बाबांनी धापा टाकत विचारलं.

आई क्षणभर अडली. "सातलाही नाही. थांबायचं नाही."

दहा मिनिटं झाली. "काका, पास! फेरी तुमचीच," डॉक्टर हसले. "अहो, आता रडताय कशाला?"

बाबांनी बाहीने डोळे पुसले. "सगळा भाग पालथा घातला हो डॉक्टर. एका घरीसुद्धा चिठ्ठी नाही!"