चारांपैकी एक

वामन सर गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी दहावीच्या वर्गाला रसग्रहण लिहून देत होतो. कोणत्याही कवितेला चालेल असं. कवीची ओळख, मध्यवर्ती कल्पना, दोन अलंकार आणि शेवटी 'ही कविता मला फार भावली'. फोन खिशात ठेवला, उरलेल्या दोन ओळी सांगून संपवल्या आणि शाळेच्या ग्रुपवर टाकलं, 'ज्ञानसूर्य मावळला'. बाकीच्यांनी तेच पुढं ढकललं. महिना झाला, त्या ओळीची मला अजून किळस येते.

ताडकळसच्या आमच्या शाळेत ते नववीला मराठी शिकवायचे, मी दहावीला. माणूस तिरसट. गाइड दिसलं की खिडकीबाहेर भिरकावायचे आणि पोरांचे आईबाप तक्रार घेऊन माझ्याकडं यायचे. एकदा मी चाचणीत आईवरची एक कविता दिली होती. त्यातली आई लेकराला 'थांब, थांब' म्हणते. आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन आलेल्या एका मुलीनं लिहिलं, 'माझी आई फडात बाळाला असंच म्हणते. पहिलं थांब बाळासाठी असतं. दुसरं ती स्वतःला म्हणते, कारण तिला उठून त्याच्याकडं जायचं असतं.' मी चारांपैकी एक गुण दिला. अलंकाराचं नाव नव्हतं, कवीची ओळख नव्हती. ती आदल्या वर्षी सरांच्या वर्गात होती. पेपर घेऊन त्यांच्याकडं गेली.

सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "ह्या पोरीला कविता कळली हाय. आन् तुमी नाव इचारायलात."

"बोर्डाला नावच लागतं, सर."

"लागू द्या. हा गुण तेवढा दुरुस्त करा."

मी केला नाही. पोरांपुढं माघार कशी घ्यायची... पुढच्या पेपरात तिनं माझं रसग्रहण जसंच्या तसं उतरवलं. मी चारांपैकी चार दिले, वर 'छान' असं लिहिलं. ते 'छान' आठवलं की तोंड कडू होतं. सर त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

शोकसभेत मी त्यांना दीपस्तंभ म्हणालो, मायेचा सागर म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. नंतर सरांच्या घरी गेलो, तर त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी शांतपणे विचारलं, "भाऊजी, तुमी सभेत बोललात ते कुणाबद्दल व्हतं?"

"सरांबद्दलच, वहिनी."

"मायेचा सागर कुटला... आठ आठ दिवस घरात बोलत नव्हते. पोरांचे पेपर तपासताना मात्र एकटेच हसायचे. तेवढं तरी सांगायचं."



आता त्यांचा नववीचा वर्ग माझ्याकडं आला आहे. कविता वाचून झाली की सर पुस्तक मिटायचे आणि एखादं पोरगं आपणहून बोलेपर्यंत खुर्चीत गप्प बसायचे. परवा मीही तसाच बसलो. मग मधल्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, ह्या कवितेतला माणूस खोटं बोलायलाय. त्याला घरी जायचंच न्हाई."

खरंच होतं ते. इतक्यांदा ती कविता वाचून मला दिसलं नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "ते राहू दे. अलंकार कोणता, ते सांग."

ती खाली बसली.