तीन भागांतला नावाडी

रक्षा सिंदी मेघेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. संध्याकाळपर्यंत घसा बसलेला असायचा. नवरा प्रफुल चंद्रपूरला कामाला, पंधरा दिवसांनी यायचा. घरी सासरे वासुदेवराव. अर्धांगवायूने उजवा हात गेल्यावर वडनेरची शेती थोरल्या मुलाकडे सोपवून ते इथे राहायला आले होते.

१९९९ साली क्लासमधल्या कुणी दिलेली गेमची सीडी तिने घरी लावली. एक नावाडी रडत रडत नदीकाठाने हरवलेली मुलगी शोधतो, एवढीच गोष्ट. त्यात कुणी बोलायचं नाही. कुठे बाहुली सापडायची, कुठे धुगधुगती चूल. वासुदेवराव खाटेवरून बघायचे.

"रक्षा, काऊन थांबली?"

"रस्ता सापडत नाही, मामाजी."

"चूल इझली नाई ना अजून? मंग पोरगी जवळच असंन."

खेळ संपला, तरी मुलगी सापडलीच नाही. ती कुठे गेली असेल यावर दोघं महिनाभर जेवताना वाद घालत राहिली.

चार वर्षांनी दुसरा भाग आला. त्यातली माणसं इंग्रजीत बोलायची. रक्षा बसलेल्या आवाजात एकेक वाक्य मराठीत सांगायची. दिवसभर बोलून पुन्हा बोलायचं तिच्या जिवावर यायचं, पण सासरे ताट बाजूला सारून ऐकायचे.

२००७ चा तिसरा भाग तर सिनेमाच. दहा-दहा मिनिटं कुणीतरी खुलासा करत बसायचं. त्यात कळलं, नावाड्यानेच मुलीला पलीकडच्या तीरावर सोडून दिलं होतं.

"मंग पयल्या भागात तो काऊन रडत होता?" वासुदेवराव चिडले.

"लिहिणारे बदलले असतील."

"मानूस तर तोच हाये ना! अन् हे सारंच सांगून राह्यले. आपल्याले बोलाले जागाच नाई. बंद कर."

तिने बंद केलं. पाठ दुखतच होती, तिला बरंच वाटलं.

पुढच्या वर्षी ते वडनेरला परतले. एका रविवारी रक्षाने उरलेला खेळ एकटीने संपवला. नावाडी दारात उभा राहतो, मुलगी दार उघडत नाही. पडद्यावरून नावं सरकत गेली, ती तशीच बसून राहिली.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला.

"संपला का तो गेम?"

"संपला, मामाजी. पोरगी भेटली."

"गेम सांगून राह्यला, का तू?"

"मी."

"बरं. जेवली का?"

"हो," ती म्हणाली. कणीक अजून भिजवायचीच होती.