वरची पायरी

अॅम्प्लिफायर तापला की त्यावरच्या धुळीचा करपट वास सुटतो आणि मला फुटबॉल फायनलची ती दुपार आठवते. दोन पेठांच्या संघांचा सामना होता, गॅलऱ्या गच्च भरल्या होत्या आणि हलगी थांबत नव्हती. मला साऊंडचं काम शिकवणाऱ्या चाचांनी सकाळी भोंगे बांधून, आवाज तपासताना विचारलं होतं, "पार वरच्या पायरीवर बसून ऐकलंस न्हवं?" ऊन तापलं होतं, चढायचा कंटाळा आला होता. मी "ऐकलं की" म्हणून मोकळा झालो होतो. मध्यंतरात आमच्याजवळच्या रांगेतले एक आजोबा छाती धरून आडवे झाले. निवेदकानं माईकवरून डॉक्टरांना हाक दिली, पण कुणी उठलं नाही. मी आवाज वाढवला, मग आणखी वाढवला, तोच करपट वास सुटला, तरी कुणी येईना. चाचांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि समोरच्या गॅलरीकडं तोंड असलेले दोन भोंगे ठेवून बाकी सगळ्यांच्या वायरी उपटल्या. "आता बोला, दमानं," ते निवेदकाला म्हणाले. तेव्हा कुठं समोरच्या पार वरच्या पायरीवरून एक बाई धावत उतरल्या. त्या डॉक्टर होत्या. आजोबांची नाडी धरत म्हणाल्या, "मगापासनं ऐकतीय, पण वर नुसतं घुमत होतं, मला वाटलं खेळाडूंची नावं सांगालाय." आजोबा वाचले. आता माझ्या हाताखाली चार माणसं आहेत, पण वरून ऐकलं का, असं मी त्यांना विचारत नाही. मीच चढतो.